होड्यांमधला चेंडू आणि आभासी फोटॉन

टी.वाय.बी.एस्सी.ला असलेल्या डोंबिवलीच्या एका मुलाचा प्रश्न आहे: "मॅडम, दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात ते आभासी फोटॉनची, म्हणजे आभासी प्रकाशकणांची, देवघेव करून, असं आम्हाला शिकवलं. उपमा दोन होड्यांची. एका होडीतला माणूस दुसऱ्याकडे चेंडू फेकतो आणि दोन्ही होड्या लांब जातात. मग इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन जवळ कसे येतात? हा आभासी फोटॉन खरा असतो की नसतो? आणि हिशेबात अनंत आलं की सरळ वजा करून टाकतात म्हणे. मग या सिद्धांतावर विश्वास कशाला ठेवायचा?"

होड्यांची उपमा मीही सांगितली आहे रे, आणि एकदा नाही, वर्षानुवर्षं. एका वर्षी शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं नेमका तुझाच पहिला प्रश्न विचारला. मी घाईघाईनं बूमरँग पुढे केलं: पाठ करून फेकायचं, ते वळसा घालून दुसऱ्याकडे जातं, म्हणून होड्या जवळ येतात. तिनं वहीत लिहून घेतलं, पण कालची मेथी आजची म्हणून देणाऱ्या भाजीवाल्याकडे माझी आई जशी बघायची, तशी ती माझ्याकडे बघत होती. त्या रात्री मी ठरवलं की वर्गात होड्या बंद.

उपमा कुठे फसते ते आधी बघू. चेंडू आधी एकाच्या हातात असतो, मग हवेत, मग दुसऱ्याच्या हातात. भाऊच्या धक्क्यावर उभं राहून तो कुठून कुठे गेला ते बघता येतं. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत असं बघण्यासारखं मधे काही घडतं, हेच आपण गृहीत धरून बसतो. क्वांटम हिशेबाची रीत वेगळी आहे. आत काय आलं आणि बाहेर काय गेलं एवढंच पक्कं असतं: दोन इलेक्ट्रॉन या संवेगानं आले, दोन त्या संवेगानं गेले. मधल्या प्रत्येक शक्यतेसाठी एक संमिश्र संख्या काढायची. तिला आम्ही ॲम्प्लिट्यूड म्हणतो. सगळ्या ॲम्प्लिट्यूडची आधी बेरीज करायची, मग त्या बेरजेच्या परिमाणाचा वर्ग. तो वर्ग म्हणजे संभाव्यता. आधी बेरीज, मग वर्ग. हा क्रम कुणी उलटा केला की परीक्षेत मी अर्धे गुण कापायचे, कारण क्वांटमचं सगळं वेगळेपण त्या क्रमातच आहे.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनच्या रेघांच्या आकृत्या या बेरजेतल्या पदांच्या खुणा आहेत. किराणावाल्याच्या वहीत 'सा. २' असं लिहिलेलं असतं, म्हणजे साखर दोन किलो. ते 'सा.' चाटून गोड लागत नाही. आकृतीतली नागमोडी रेघ ही तशीच एक नोंद आहे. तिचा अर्थ 'इथे हा गुणक घाला' एवढाच. त्या नोंदीला आपण आभासी फोटॉन हे नाव दिलं आणि मग त्या नावामागे धावत सुटलो.

आता आकर्षणाचं बघ. रेघेची दोन टोकं दोन कणांवर असतात आणि प्रत्येक टोकाला त्या कणाचा विद्युतभार गुणक म्हणून येतो. म्हणजे त्या पदात दोन भारांचा गुणाकार आहे आणि त्याला संवेगाच्या बदलाच्या वर्गानं, q² नं, भागलेलं आहे. कण सावकाश चालणारे असतील तर या पदाचं फूरिए रूपांतर कर, म्हणजे संवेगाच्या भाषेतून ते अंतराच्या, r च्या, भाषेत आण. १/q² चं १/r होतं आणि हातात शाळेतली कूलंबची स्थितिज ऊर्जा पडते. भार सजातीय असले की ती धन, अंतर वाढलं की कमी होणारी, म्हणून कण लांब जातात. एका टोकाचा भार बदलला की तीच ऊर्जा ऋण होते आणि कण जवळ येतात. रेघ तीच राहते, फक्त चिन्ह बदलतं. होडीच्या चेंडूला चिन्ह नसतं, म्हणून ती उपमा अर्धंच सांगू शकते.

इथे एक गंमत सांगते, पुस्तकं ती पटकन ओलांडून जातात. एकाच फोटॉनचं पद घेऊन वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं. त्यामुळे जड अणुकेंद्रकावर इलेक्ट्रॉन सोडा नाहीतर पॉझिट्रॉन सोडा, कुठल्या कोनात किती विखुरतील याचं उत्तर त्या पहिल्या पायरीवर सारखंच येतं. रदरफोर्डच्या सूत्रातही भारांच्या गुणाकाराचा वर्गच आहे, आकर्षण की प्रतिकर्षण हे त्यातून कळत नाही. फरक दिसू लागतो तो दोन फोटॉनवालं पद पहिल्या पदात मिळवल्यावर.

हे सगळं नीट पटवायचं असेल तर मी एका मुंबईकराचं काम काढते. होमी भाभा मुंबईत जन्मले ते १९०९ साली. पॉझिट्रॉन सापडला १९३२ मध्ये, तेव्हा ते केंब्रिजला होते. पॉझिट्रॉन म्हणजे नेमकं काय, याबद्दल तेव्हा दोन मतं शक्य होती. एक, तो इलेक्ट्रॉनपासून पूर्ण वेगळा, स्वतंत्र कण आहे. दुसरं भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकचं: तो ऋण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या समुद्रातली एक रिकामी जागा आहे. भाभांनी विचारलं, इलेक्ट्रॉन पॉझिट्रॉनवर आदळला तर या दोन मतांची उत्तरं वेगळी येतील का? येतात. डिरॅकचं बरोबर असेल तर हिशेबात एक जादा पद धरावंच लागतं. तो शोधनिबंध १९३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापून आला, आणि या विखुरण्याला आज जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणतात. आपल्याकडे भाभा म्हटलं की अणुभट्टी आठवते. त्यांचं हे काम मात्र भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाबाहेर कुणाला माहीत नसतं, याची मला जरा चुटपुट वाटते.

ती दोन पदं वहीत शेजारी शेजारी काढ. पहिल्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन येतात, मधे एक नागमोडी रेघ, दोघं वळून निघून जातात. दुसऱ्यात दोघं एकमेकांना संपवतात, फक्त एक नागमोडी रेघ उरते, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला नवी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी तयार होते. आत आलं ते आणि बाहेर गेलं ते दोन्हींत सारखंच, म्हणून दोन्ही ॲम्प्लिट्यूड एकाच बेरजेत जातात. फर्मिऑनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जातीच्या कणांच्या, नियमामुळे त्यांच्यात एक उणे चिन्ह येतं, ते विसरू नकोस, पोरं हमखास विसरतात. आता वर्ग कर. (अ − ब) चा वर्ग केल्यासारखे तीन तुकडे पडतील: एक पहिल्या पदाचा, एक दुसऱ्याचा, आणि एक दोघांच्या गुणाकाराचा.

या तिसऱ्या तुकड्यावर जरा थांब. विचार, बाहेर आलेला इलेक्ट्रॉन आत गेलेलाच आहे, की जुना संपून हा नवा जन्मलाय? पहिली आकृती म्हणते तोच, दुसरी म्हणते नवा. खरोखर दोनांपैकी एकच काहीतरी घडत असतं आणि आपल्याला फक्त माहीत नसतं, तर दोन संभाव्यतांची साधी बेरीज पुरली असती आणि तिसरा तुकडा आलाच नसता. पण तो येतो. प्रवेगकांवर, म्हणजे कण वेगात आणून आदळवणाऱ्या यंत्रांवर, कोनागणिक मोजणी केली तर तो धरल्याशिवाय आकडे जुळत नाहीत. म्हणजे 'तोच की नवा' या प्रश्नाला निसर्गाकडेच उत्तर नाही. दोन्ही आकृत्या एकाच हिशेबाची पानं आहेत, आणि घटनेचा फोटो त्यातली एकही नाही.

जाता जाता, हे काम अजून रोज वापरात आहे. जिनिव्हाजवळ २७ किलोमीटर घेराचा एलईपी प्रवेगक १९८९ ते २००० चालला. त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळवत. एकूण टकरी किती झाल्या हे मोजायला काहीतरी खात्रीचं मापटं लागतं. ते होतं लहान कोनातलं भाभा स्कॅटरिंग, कारण त्याची संभाव्यता फार बारकाईनं काढता येते आणि अशा घटना भरपूर घडतात. त्या प्रवेगकावरच्या एल३ प्रयोगात कुलाब्याच्या टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, गट होता. ही संस्था १९४५ साली उभी केली ती भाभांनीच.

तर मग आभासी फोटॉन खरा की खोटा?

खरा फोटॉन कोणता ते आधी. मरीन ड्राइव्हवर पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते, ते तुला आठवणार नाहीत, तुझ्या आईवडिलांना विचार. त्यातला सोडियमचा अणू उत्तेजित झाला की सरासरी १६ नॅनोसेकंदांत खाली येतो आणि ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा फोटॉन सोडतो. त्याला कुणी धक्का दिलेला नसतो. मग तो खाली का येतो? जुन्या क्वांटम यांत्रिकीत अणू क्वांटम आणि प्रकाश मात्र मॅक्सवेलचा, अशी खिचडी होती. तिच्यात एकटा अणू उत्तेजित अवस्थेत कायम बसून राहायला हवा. डिरॅकनं १९२७ मध्ये प्रकाशाच्या क्षेत्रालाच क्वांटमचे नियम लावले, तेव्हा हे आपोआप होणारं उत्सर्जन हिशेबातून बाहेर आलं. क्यूईडीची, म्हणजे क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सची, सुरुवात तिथली. (पुंज विद्युतगतिकी असा पुस्तकी शब्द आहे, पण तो मी तरी कुठल्या वर्गात ऐकला नाही.) या फोटॉनची ऊर्जा त्याच्या संवेगाला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की येते. तो डोळ्यात शिरतो, फिल्मवर उमटतो.

आता भाभांच्या आकृत्यांतल्या रेघा बघ. दोन्ही कणांचा एकूण संवेग शून्य दिसेल अशा चौकटीतून बघितलं तर पहिल्या आकृतीतल्या रेघेत संवेग आहे पण ऊर्जा शून्य. दुसऱ्या आकृतीत बरोबर उलटं: ऊर्जा आहे, संवेग शून्य. असा फोटॉन कुठल्याच डिटेक्टरवर कधी येणार नाही. कुणी म्हणतं, तो अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार ऊर्जा उसनी घेतो आणि पटकन परत करतो. हे वाचलं की माझं डोकं उठतं. फाइनमनच्या आकृतीत प्रत्येक सांध्यावर ऊर्जा आणि संवेग पैन्‌पै जमा-खर्च जुळवून घेतलेले असतात, उसनवारी कुठेच नाही. मोडलेला असतो तो ऊर्जा-संवेगाचा खऱ्या फोटॉनला लागू असलेला संबंध.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते हीच निर्णायक. गेज, म्हणजे क्षेत्राची विभवं लिहायची पद्धत, निवडायची मोकळीक आपल्याला असते, हे तुला विद्युतचुंबकत्वात शिकवलं असेल. कूलंब गेज घेऊन हाच हिशेब मांडला तर स्थिर भारांमधल्या बलासाठी फोटॉनची रेघ येतच नाही. तिथे सरळ कूलंबचं तात्काळ पद उभं राहतं, फोटॉन फक्त आडवे (ट्रान्सव्हर्स), खरेखुरे. दुसऱ्या गेजमध्ये तेच बल फोटॉनच्या देवघेवीतून येतं. शेवटचं उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत एकच. जी गोष्ट मांडणी बदलली की नाहीशी होते, तिला 'खरोखर इकडून तिकडे गेली' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. क्षेत्र खरं आहे, बल खरं आहे, मोजलेले आकडे खरे आहेत. रेघा ही आपली सोय.

आता विश्वासाचं. यावर व्याख्यान देण्यापेक्षा तू मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघड, तो आडवा धर म्हणजे जास्त दशांश दिसतील.

इलेक्ट्रॉन हा छोटासा चुंबक आहे. त्याची चुंबकीय ताकद सांगणारी g नावाची एक संख्या आहे आणि डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून ती बरोबर २ येते. प्रत्यक्षात ती किंचित जास्त आहे. g मधून २ वजा करून निम्मं केलं की जी बारीक संख्या उरते तिला a म्हणू. प्रकाश आणि भार यांची गाठ किती घट्ट आहे ते सांगणारा स्थिरांक अल्फा, त्याची किंमत १/१३७.०३५९९९. श्विंगरनं १९४८ मध्ये दाखवलं की a चं पहिलं पद अल्फा भागिले २π आहे. कर भागाकार. ०.००११६१४१ येईल. मोजलेली किंमत ०.००११५९६५. एका ओळीच्या सूत्रात पहिले तीन अंक तर जुळल्यासारखेच.

पुढचं पद: अल्फा भागिले π घे, ०.००२३२२८२. त्याचा वर्ग कर आणि ०.३२८४७९ नं गुणून वजा कर. उरलं ०.००११५९६३७४. मग त्याच संख्येचा घन, गुणिले १.१८१२४, आणि हे मिळव. ०.००११५९६५२२३. प्रयोगातला आकडा ०.००११५९६५२१८. मोबाइलवर, जेवायच्या आधी, तू दहाव्या दशांशापर्यंत पोचलास. उरलेला फरक चौथ्या पदात बराचसा मिटतो.

ते गुणक मात्र जेवायच्या आधी निघत नाहीत. वजा ०.३२८ साठी सात आकृत्या लागतात. १९५० मध्ये कारप्लस आणि क्रोल यांनी तो गुणक काढला तेव्हा हिशेबात चूक राहून तो जवळपास वजा तीन आला होता. ती चूक पीटरमान आणि सॉमरफील्ड यांनी वेगवेगळं काम करून १९५७ मध्ये दुरुस्त केली. सात वर्षं! तुझं उत्तर पहिल्या फटक्यात नाही आलं तर एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तिसऱ्या पायरीला ७२ आकृत्या, चौथीला ८९१, पाचवीला १२,६७२. पाचवी पायरी किनोशिता आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी संगणकावर काढली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केली.

राहिला अनंताचा प्रश्न. तो रास्त आहे आणि डिरॅकला तो शेवटपर्यंत छळत राहिला, तेव्हा तुलाही छळू दे.

स्विमिंग पूलमध्ये एक चेंडू पाण्याखाली धरून जोरात आडवा ढकल. तो असायला हवा त्याहून जड लागतो, कारण आजूबाजूचं पाणीही हलवावं लागतं. गोल चेंडूसाठी ही वाढ बाजूला सारलेल्या पाण्याच्या वस्तुमानाच्या निम्मी असते. चेंडू बाहेर काढून तराजूत घातला की त्याचं खरं वस्तुमान कळतं. इलेक्ट्रॉन मात्र स्वतःच्या क्षेत्राच्या पाण्यातून कधीच बाहेर काढता येत नाही. आपण तोललेला इलेक्ट्रॉन हा नेहमी पाण्यासकट तोललेला. पाण्याविना त्याचं वस्तुमान म्हणून जे हिशेबात लिहितो ते कुणी कधी मोजलेलंच नाही. 'पाण्यामुळे किती भर पडली' हे पद अनंत येतं, कारण आपण सिद्धांत हवं तितक्या लहान अंतरापर्यंत बरोबर आहे असं धरून चालतो. रिनॉर्मलायझेशन म्हणजे सगळी उत्तरं मोजलेल्या वस्तुमानाच्या आणि मोजलेल्या भाराच्या भाषेत मांडायची. तसं केलं की न मोजलेल्या दोन आकड्यांबरोबर अनंतंही गळून जातात, आणि उरतं ते सांत असतं.

हे पहिल्यांदा जमलं ते आगगाडीत. जून १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवर एक छोटी परिषद भरली. तिथे लॅम्बनं सांगितलं की हायड्रोजनच्या ज्या दोन पातळ्या डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे एकाच ऊर्जेच्या हव्यात, त्यांच्यात सुमारे १००० मेगाहर्ट्‌झचा फरक आहे. तुझ्या मोबाइलच्या लहरी साधारण याच पट्ट्यातल्या. परतताना हान्स बेथे न्यूयॉर्कहून शेनेक्टडीला निघाला. अंतर म्हणशील तर आपलं मुंबई-मनमाड. त्या प्रवासात त्यानं बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या उत्तरातून मोकळ्या इलेक्ट्रॉनचं उत्तर वजा केलं, ऊर्जेची वरची मर्यादा इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानापाशी बांधली, आणि हजाराच्या आसपासचं उत्तर आलं; छापलेल्या निबंधात ते १०४० मेगाहर्ट्‌झ आहे. तोवर जवळपास वीस वर्षं लोक अनंतासमोर हात टेकून बसले होते.

भाराचंही तसंच. मीठ पाण्यात विरघळतं कारण पाण्याचे रेणू भाराभोवती वळून उभे राहतात आणि लांबून तो भार सुमारे ऐंशीपट दुबळा दिसतो. निर्वातही थोडंसं असंच वागतं. जवळ जाऊन बघितलं तर भार जास्त दिसतो. एलईपीच्या ऊर्जेला, ९१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, अल्फा १/१३७ उरत नाही, साधारण १/१२८ होतो. हे मोजलेलं आहे, केवळ कागदावरचं नाही.

माझं स्वतःचं मत विचारशील तर अनंताची वजाबाकी मला आता खटकत नाही. ती फक्त इतकंच कबूल करते की फार लहान अंतरावर काय चाललंय ते या सिद्धांताला माहीत नाही, आणि माहीत असण्याची गरजही नाही. मला खटकतं ते दुसरंच. डायसननं १९५२ मध्ये दाखवलं की पदांची ही मालिका शेवटपर्यंत अभिसारी असू शकत नाही, म्हणजे बेरीज एका ठरावीक आकड्यावर टेकत नाही. आधी पदं लहान होत जातात आणि मग, साधारण शे-सव्वाशे पायऱ्यांनंतर असा अंदाज आहे, पुन्हा फुगू लागतात. आपण पाचव्या पायरीवर आहोत, त्यामुळे आपल्या हयातीत काळजी नाही. पण जगातला इतका अचूक सिद्धांत ज्या बेरजेवर उभा आहे ती बेरीज नीट पूर्णच होत नाही, हे आठवलं की मला अजून मजाही वाटते आणि थोडी भीतीही.

परीक्षेत 'आभासी फोटॉनची देवघेव सोदाहरण स्पष्ट करा' असं आलं तर होड्या लिही बाबा, पेपर तपासणाऱ्याच्या नमुना उत्तरात त्याच असतात. पण शेजारी भाभांच्या दोन आकृत्या काढ, मधे ते उणे चिन्ह घाल, आणि वर्ग शेवटी कर.